हरिदासचा हात

हरिदास शेजवळनं मोहन सबनीसच्या तोंडावर ठोसा मारला, तेव्हा बाजाराच्या कॅफेत टेबलावर चहा वाफाळत होता आणि खाली रिंगमध्ये एका तांबड्या गोऱ्ह्याचा लिलाव चालला होता. मोहनचं नाक फुटलं. रक्त त्याच्या शर्टावर, प्लेटमधल्या चिप्सवर आणि शेजारी बसलेल्या इंद्रजितच्या बाहीवर उडालं. मोहन खुर्चीसकट मागं कोसळला. कॅफेतले शेतकरी घास तोंडात धरून बघत राहिले. आणि आमचा हा बाबा? टेबल ओलांडून दुसरा ठोसा मारायला निघाला होता! इंद्रजितनं कमरेला मिठी मारली म्हणून, नाहीतर त्या दिवशी अँब्युलन्सच बोलवावी लागली असती.

आता तुम्ही म्हणाल, कोण हा गुंड? तर हरिदास हा गुरांचा डॉक्टर. वय पंचावन्न, बुटका, मान आखूड, मनगटं जाड. बर्मिंगहॅमहून मोटारीनं तासाभरावर एक बाजाराचं गाव आहे, तिथं दर शनिवारी गुरांचा लिलाव भरतो. बाजारात आलेल्या जनावरांवर नजर ठेवणं हे हरिदासचं शनिवारचं काम. बाकी आठवडाभर शेतावर फिरायचं, टीबीच्या टेस्ट करायच्या, अडलेल्या गायी सोडवायच्या. मोहन पुण्याचा, बँकेतून रिटायर झालेला. इंद्रजित कोल्हापूरकडचा, त्याचं बर्मिंगहॅमला लेथचं वर्कशॉप होतं, ते विकून मोकळा झालेला. हरिदासनं एकदा दोघांना गंमत म्हणून बाजार दाखवायला आणलं आणि दोघांना त्याची चटकच लागली. कॅफेच्या काचेतून खालची रिंग दिसते. तिथं बसायचं, जनावर आत आलं की भावाचा अंदाज करायचा, ज्याचा सगळ्यात चुकला त्यानं चहा पाजायचा.

"बोला, हा किती?"

"चार पाउंड वीस, किलोला," मोहन म्हणायचा.

"हट्! पुठ्ठा बघ की त्याचा. चार पंचेचाळीसच्या खाली सोडत नाहीत. यंदा भावाला आग लागलीय, माहीत नाही का?" इंद्रजित.

"लागली आग. आपल्याला कुठं घ्यायचाय!"

सुरुवातीला लिमोझिन म्हटलं की इंद्रजितला लांबलचक मोटारच आठवायची. ती गुरांची फ्रेंच जात आहे, हे त्याच्या पचनी पडायला दोन महिने लागले. नंतर मात्र गडी असा तयार झाला की शेतकऱ्यांना शहाणपण शिकवायचा. दोन जनावरांच्या मधल्या वेळात इतिहास. ते खातं मोहनचं.

"लढाईत मेलेला इंग्लंडचा शेवटचा राजा?"

"रिचर्ड तिसरा. बॉसवर्थला पडला, आणि लेस्टरला कार पार्कखाली सापडला," इंद्रजित चिप्स चावत सांगायचा. "काहीतरी अवघड विचार की लेका!"

"ते ठीक आहे," हरिदास म्हणायचा. "राजा सोड. बाकीचे जे मेले, ते त्या चिखलातनं कुणी ओढले?"

"ते कोण लिहून ठेवतंय रे?"

"कुणी ठेवत नाही, म्हणून तर तुला विचारतोय. लढाई कोण जिंकलं हे शेंबडं पोरगंही सांगेल."

दर लढाईला हरिदासचा हाच प्रश्न. टॉवटनला बर्फात माणसं कापली, बर्फ लाल झालं, ठीक. दुसऱ्या दिवशी कुणाला बोलावलं? एजहिलला रात्रभर जखमी ओरडत पडले, ठीक. सकाळी खड्डे कुणी खणले? मोहन वैतागायचा. पानिपतावर तर महिन्यातून एकदा रण पेटायचंच. इंद्रजित सगळं खापर पुण्यावर फोडायचा, मोहन ते बाकीच्या सरदारांवर ढकलायचा, दोघांचे आवाज चढायचे, टेबलावर मुठी आपटायच्या, आणि कॅफेवाली बाई ओरडायची की भांडायचं असेल तर बाहेर जा. मग तिघं हसायचे आणि आणखी एक चहा मागवायचे. लाखभर माणूस कापलं गेलं त्याच्यावर यांचा चहा व्हायचा बघा.

हरिदासला या शनिवाराशिवाय दुसरं काही नव्हतं. बायको रश्मी, भली बाई, पण किती सोसणार? त्यानं तिच्यावर कधी हात टाकला नाही. पण दारं फोडली, टीव्ही फोडला, एकदा स्वयंपाकघरातला ओटा कोपऱ्यापासून उखडला. शेवटी ती मुलीला घेऊन क्रॉयडनला गेली. मुलगी वैभवी वाढदिवसाला फोन करते आणि बाबा, शांत आहात ना, असं एखाद्या पेशंटला विचारावं तसं विचारते. घर बर्मिंगहॅमला, तीन खोल्यांचं, त्यात एकटा हा. भांडून, शिव्या देऊन, पुन्हा शनिवारी समोर येऊन बसणारी जगात दोनच माणसं होती.

राग कुठून आला, ते हरिदासला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पण सांगायला हवं. हरिदास सहा वर्षांचा होता. गंगाखेडपासून आत, नदीकाठचं गाव. पाटलाचा बैल मेला आणि हरिदासच्या बापाला, किसनला, मढं ओढून न्यायचं बोलावणं आलं. किसननं निरोप धाडला, आम्ही बुद्धाचे झालो, ते काम सोडलं. दिवस मावळायच्या आत दहा-बारा जण काठ्या घेऊन आले. आधी पाठीवर मारलं, मग गुडघ्यांवर, मग खाली पडल्यावर कुठंही. किसननं डोकं वाचवायला हात वर धरला, तर त्या हाताचं कोपर असं फोडलं की ते पुन्हा सरळ झालंच नाही. हरिदास कणगीआडून बघत होता. त्याला आवाज आठवतो. काठी मांसावर पडल्याचा वेगळा आणि हाडावर पडल्याचा वेगळा. किसन पुढं मुलाला म्हणाला, "मेलेल्याला शिवायचं नाही. जितं जनावर धरायचं असेल तर डॉक्टर होऊन धर." तेवढं हरिदासनं ऐकलं. शाळेत एकानं बापाच्या वाकड्या हाताची नक्कल केली, त्याचे पुढचे दोन दात हरिदासनं पाटीनं पाडले. तेव्हापासून याचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून.

परभणीला डिग्री झाली आणि दोन हजार साली हा बर्मिंगहॅमला आला. इथली परीक्षा पास होईपर्यंत गोदामात खोकी उचलत होता. पुढच्याच वसंतात इंग्लंडात लाळ्या-खुरकुताची साथ आली. कळपच्या कळप मारायचा हुकूम निघाला. जनावरं धरायला माणसं हवी होती, हरिदास उत्तरेला कंब्रियात गेला. सकाळी शेतावर जायचं, गोठ्यात कोंडलेल्या गायींना एकेक करून पुढं घ्यायचं, डोक्यात गोळी, पुढची. शंभर, दीडशे, दुपारपर्यंत. वासरं शेवटी. एक गाय गोळी चुकून जबडा फुटलेल्या अवस्थेत अंगणभर धावली, तिला पाच जणांनी भिंतीशी दाबलं तेव्हा कुठं ती संपली. संध्याकाळी जेसीबीनं ढीग रचायचे आणि पेटवायचे. ताठ झालेले पाय ढिगातून वर आलेले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं फावडं घेऊन हरिदासच्या डोक्यात घातलं. हरिदासनं फावडं हिसकलं, म्हाताऱ्याला खाली पाडलं, आणि मग त्याच्याच शेजारी मातीत बसून दोघंही रडले. कपाळावरची ती खूण अजून आहे. एवढं करून माणसानं गुरांचं काम सोडलं असतं. यानं परीक्षा दिली आणि आयुष्यभर तेच केलं. गायीचा स्वभाव त्याला माणसापेक्षा जास्त कळायचा, आणि गाय माणसाला कशी मारते हेही त्यानं पाहिलं होतं.

तर तो शनिवार. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. मोहनचा मुलगा नकुल आणि सून मृणाल, त्यांना ऑगस्टमध्ये मुलगी झालेली. मृणाल ईलिंगला जन्मलेली पोर, मराठी तोडकंमोडकं, पण सासूच्या, लताच्या, हौसेला कधी नाही म्हणत नसे. मोहन म्हणाला, "हरिदास, एक काम आहे. लताच्या मनात आहे, नातीची पहिली वसुबारस खऱ्या गाय-वासराची व्हावी. दरवर्षी आपण मंडळाच्या हॉलमध्ये चांदीच्या गायीला कुंकू लावतो. यंदा तू खरी गाय दाखव."

"डेअरीवर नेतो," हरिदास म्हणाला. "तिथल्या गायी माणसाळलेल्या असतात. पाय धुवा, आरती करा, काय वाटेल ते करा."

"पण वासरू? डेअरीत वासरू आईपाशी ठेवतात कुठं? सवत्स हवी ना रे. वासरासकट."

"मग नाही."

"नाही म्हणजे? तुझ्या हाताखाली एवढे कळप आहेत."

"ते मांसाचे कळप आहेत, मोहन. ती गाय रानात विते, रानात राहते. वर्षातून दोनदा माणूस बघते, तोही मी, हातात सुई घेऊन. तिच्या वासराजवळ गेलास तर ती तुला मारून टाकील. मारून टाकील म्हणजे खरंच. दरवर्षी कुणीतरी मरतंय इथं."

इंद्रजित हसला. "काय घाबरवतोस त्याला? आमच्या गोठ्यात सहा गायी होत्या. मी वासराच्या दाव्याशेजारी झोपलोय."

"तुझी गाय तुला ओळखत होती, येड्या. ही तुझ्या बापालाही ओळखत नाही."

"अरे, गाय आहे ती," मोहन म्हणाला. "वाघ नाही."

"नाही म्हणजे नाही. विषय संपला."

मोहनला नकार ऐकायची सवय नव्हती. आणि घरी लताला शब्द दिलेला. तो इंद्रजितकडे वळला, आणि इतिहासाचा प्रश्न घालताना जसं ओठ मुडपून हसायचा तसाच हसत म्हणाला, "जाऊ दे रे. याला गायीचं काय विचारतोस? यांच्याकडे गाय मेल्यावरच जायची."

पुढचं वर सांगितलंच आहे.

बाजारवाल्यांनी तिघांनाही बाहेर काढलं. मोहननं पोलिसांत तक्रार केली नाही, हे खरं. नाकाला रुमाल लावून तो इंद्रजितच्या गाडीत बसला आणि हरिदासकडे न बघता गेला. हरिदासच्या साहेबानं त्याला बोलावून झापलं, शनिवारचं काम काढून घेतलं. पुढचा शनिवार आला तेव्हा हरिदास घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. मोहननं माफी मागावी, असं त्याला वाटत होतं. आपण मागावी, असंही वाटत होतं. आणि मागायला गेलो आणि तो पुन्हा तसाच हसला तर आपण त्याला जिवे मारू, अशी भीतीही वाटत होती. फोन हातात घ्यायचा, टाइप करायचा, पुसायचा. मूठ अजून दुखत होती, त्यावर तो बर्फ धरून बसायचा.

वसुबारस शुक्रवारी होती. हरिदास एका शेतावर मेंढ्यांचे खूर बघत होता, तेवढ्यात फोन वाजला. मृणालचा मेसेज. "हरिदासकाका, सॉरी टू बॉदर. आई-बाबा आणि इंद्रजितकाका फील्डमध्ये पूजा करायला आलेत. मी पण आहे. बेबी नकुलकडे घरी आहे. इट्स सेफ ना?" खाली नकाशावरचा ठिपका.

ठिपका बघून हरिदासनं हातातला खूर सोडला. ते रान त्याला माहीत होतं. दहा मिनिटांवरच होतं. तिथला कळप त्यानं मागच्या आठवड्यात तपासला होता आणि एका नुकत्याच व्यालेल्या गायीनं त्याला गेटवरून उडी मारायला लावली होती. रानातून लोकांना चालायची पायवाट जाते, त्यामुळं आत शिरायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यानं गाडीकडे पळत इंद्रजितला फोन लावला.

"बाहेर पडा! आत्ताच्या आत्ता बाहेर पडा!"

"अरे, ऐक की. लांबूनच करतोय. एक मस्त गाय आहे, एकटीच चरतीय, वासरू गवतात झोपलंय..."

"इंद्र्या, तुझ्या पाया पडतो, बाहेर पड!"

फोन कुणीतरी घेतला. मोहनचा आवाज आला, नाक अजून चोंदलेलं. "तुझ्या परवानगीची आम्हाला गरज नाही." फोन बंद.

हरिदासनं अरुंद रस्त्यावर गाडी अशी हाणली की दोन्ही बाजूंच्या कुंपणाला आरसे घासत होते. शिव्या देत होता. मोहनला, इंद्रजितला, वसुबारसेला, स्वतःला. एक फोन आधी केला असता! एक सॉरी टाकलं असतं तर हा मूर्ख हट्टाला पेटून इथवर आलाच नसता.

तिकडे काय झालं ते इंद्रजितनं नंतर पोलिसांना सांगितलं. लतानं ताट मांडलं, निरांजन लावलं. गाय लांब उभी होती, टक लावून बघत होती. पूजेला आई आणि वासरू जवळजवळ हवीत, म्हणून मोहननं गवतातलं वासरू उचललं. पुण्यात लहानपणी मामाच्या गोठ्यात उचलायचा तसं, दोन्ही हातांनी, छातीशी. वासरू ओरडलं. त्याच वेळी लतानं घंटा वाजवली.

हरिदास गेटपाशी पोचला तेव्हा ताट चिखलात पालथं पडलं होतं. इंद्रजित कुंपणाच्या काट्यांत फेकला गेलेला, हात पोटावर. मृणाल गेटच्या आत उभी होती. "काका, प्लीज! तो गाय बाबांना सोडत नाहीये!"

गाय मोहनवर होती. शिंगं नव्हती तिला, पण शिंगांची गरजही नव्हती. सातशे किलोचं जनावर. डोकं खाली घालून त्याला जमिनीवर दाबत होती, लोळवत होती, मागं सरत होती आणि पुन्हा येत होती. मोहन ओरडत होता, म्हणजे अजून जिवंत होता. एक पाय भलतीकडेच वळलेला. चेहरा चिखलानं आणि रक्तानं भरलेला, आणि त्यातून त्याचा हात वर येत होता, डोकं वाचवायला.

पाय मोडलेल्या जनावराला वेदनेतून कायमचं सोडवायला हरिदासच्या गाडीत कुलपाच्या पेटीत पिस्तूल असे. ते घेऊन तो गेटवरून आत पडला आणि पळत सुटला. या कामाला तीन-चार पावलांच्या आत जावं लागतं. तो गेला. गायीचा श्वास त्याच्या अंगावर येत होता. तिनं डोकं वर केलं, त्याच्याकडे पाहिलं. कपाळ समोर. डोळा आणि शिंगाच्या जागेच्या मधली ती बरोबर जागा. हात वर गेला. आयुष्यभर जो हात कधी थांबला नव्हता, तो वर गेला.

"नको! भावजी, नको!"

लता धावत आली होती. पदर सुटलेला, दोन्ही हात पसरलेले. "गाय मारू नका! अहो, आज वसुबारस आहे! माझ्या नातीची पूजा आहे! गायहत्या नका हो करू, माझ्या घराला लागेल! भावजी, तुम्ही तरी नका करू!"

तुम्ही तरी. हरिदासच्या कानात शिसं ओतल्यागत झालं. ती घाबरलेली बाई, तिच्या तोंडून काय निघालं ते तिलाही कळलं नसेल. पण त्याला कॅफेतलं ते हसू दिसलं. गाय मारली, कुणी मारली, तर यानं मारली. आता आयुष्यभर त्या घरात हेच बोललं जाणार. बापाचा वाकडा हात दिसला. आणि जो माणूस विचार न करता मारत आला, त्यानं त्या क्षणी विचार केला. त्यानं पिस्तूल खाली केलं. डाव्या हातानं अंगातला कोट ओढून काढला आणि गायीच्या तोंडावर फटकारत ओरडला, "हुर्रर्र! हट्, हट्! चल, चल माझ्याकडं!" लाथ घातली तिच्या नाकावर. तिला आपल्या अंगावर घ्यायची होती. ती एक पाऊल वळली. वळली, आणि वासरू मागून पुन्हा ओरडलं. गाय उलटी फिरली आणि पुढचे दोन्ही गुडघे टेकून सगळ्या वजनानिशी मोहनच्या छातीवर बसली.

आवाज हरिदासला ओळखीचा होता. बऱ्याच हाडांचा.

मग त्यानं गोळी घातली. गाय जागच्या जागी बाजूला कलंडली, पाय झाडले, संपली. लता किंचाळत होती, ते गायीसाठी की नवऱ्यासाठी, कुणाला कळलं नाही. हरिदास मोहनच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसला, त्याच्या तोंडातलं रक्त आणि माती बोटांनी काढत राहिला. "मोहन. ए मोहन. श्वास घे. हळू, हळू घे. बोलू नको. मी आहे इथं, हरिदास. आहे मी." मोहनचे डोळे उघडे होते. त्यानं हरिदासची बाही पकडली होती आणि हेलिकॉप्टर अँब्युलन्सवाल्यांनी ती सोडवेपर्यंत सोडली नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आली तेव्हा नकुल बाळाला शेजारणीकडे देऊन नुकता पोचला होता. डॉक्टर मऊ आवाजात बोलली. फासळ्या फुप्फुसांत घुसल्या होत्या. आम्ही सगळं केलं. नकुल भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा ओरडून रडू लागला. मृणालनं त्याला धरलं.

हरिदास कॉरिडॉरच्या टोकाला उभा होता. अंगावर गायीचं आणि मोहनचं रक्त, वाळून कडक झालेलं. कुणी त्याला बस म्हणालं नव्हतं आणि तो बसलाही नव्हता. मोहन वाचणार नाही हे त्याला रानातच कळलं होतं, गायीनं गुडघे टेकले तेव्हाच.

लता उठली आणि चालत त्याच्यापाशी आली. कपाळावर कुंकू, साडीला चिखल. रडत नव्हती.

"पिस्तूल होतं तुमच्या हातात," ती म्हणाली. "मी पाहिलं. तुम्ही गायीसमोर उभे होता. हे तेव्हा ओरडत होते. जिवंत होते."

"हो वहिनी."

"मग थांबलात का?"

हरिदासनं तोंड उघडलं. उत्तर होतं त्याच्यापाशी. चार शब्दांचं उत्तर, खरं, आणि रानात तिचं 'नको' ऐकलेली दोन माणसं साक्षीला होती.

"का थांबलात हो? का थांबलात? मारायचीत की! लगेच मारायचीत! ते तुम्हाला वेडंवाकडं बोलले म्हणून थांबलात ना? सूड घेतलात ना?"

"आई," मृणाल मागून उठत रडत म्हणाली, "नो, आई, असं नाही झालं. तुम्हीच तर काकांना..."

"मृणाल!"

हरिदास असा गरजला की कॉरिडॉरमधली नर्स दचकली. त्यानं तिच्याकडे पाहून मान हलवली, एकदाच, आणि मृणालनं तोंडावर हात ठेवला.

मग तो लताकडे वळला. "चुकलं माझं, वहिनी," तो म्हणाला. "मारायला हवी होती. मी थांबलो."

लतानं त्याला मारलं. आधी थोबाडीत, मग दोन्ही मुठींनी छातीवर, खांद्यावर, गळ्याशी, जिथं पडेल तिथं. सणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या त्याच्या छातीवर फुटल्या, काचा त्याच्या शर्टात आणि तिच्या मनगटात घुसल्या, तरी ती मारत होती. नर्स धावत आली, तिला हरिदासनंच मान हलवून लांब ठेवलं. दोन्ही हात खाली सोडून तो उभा राहिला, आणि ती थकेपर्यंत तिथून हलला नाही.